मेणवलीच्या घाटावर तीन दिवस: मोकळ्या जलरंगाच्या कार्यशाळेचा अनुभव

पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून ३३ वर्षे काम केल्यावर हाताला ज्या सवयी लागतात, त्या निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या किल्ल्यांबरोबर परत करता येत नाहीत. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेनने कालव्यांचे लांबछेद आणि काटछेद काढायचे, रेघ चुकली तर ती ब्लेडच्या टोकाने हलकेच खरडायची, नखाने ती जागा घासून गुळगुळीत करायची आणि वरून पुन्हा रेघ मारायची, हे माझे काम होते. पुढे संगणक आले, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास गेला, पण रेघेला रेघ मिळालीच पाहिजे हा हट्ट गेला नाही. निवृत्तीनंतर जलरंग हाती घेतले आणि चार वर्षे मी जे काही केले, ते खरे तर रंग भरलेले नकाशेच होते. घर काढले तर त्याची कौले मोजून घ्यावीत, झाड काढले तर त्याच्या फांद्यांची यादी करावी, असा सगळा कारभार होता. पाहणारे 'अगदी फोटोसारखे झाले आहे' असे म्हणत, आणि हे कौतुक ऐकताना मला दर वेळी थोडे अधिक कानकोंडे होऊ लागले होते.

म्हणून गेल्या डिसेंबरमध्ये वाईला झालेल्या तीन दिवसांच्या जलरंग कार्यशाळेत मी नाव नोंदवले. जाहिरातीत 'मुक्त, उत्स्फूर्त शैली' आणि 'मनातून थेट कागदावर' असे शब्द होते. शुल्क ९,५०० रुपये, त्यात दोन रात्रींचा निवास आणि जेवण. साहित्याच्या संचाचे ९०० रुपये वेगळे. आयोजकांचे आणि शिकवणाऱ्या चित्रकाराचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या सर्वस्वी माझ्या एकटीच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. शिवाय अशा कार्यशाळा आता पुण्या-मुंबईजवळ अनेक होतात आणि त्यांचा साचा बराचसा सारखा असतो, असे माझ्याबरोबर आलेल्या अनुभवी मंडळींकडून कळले. त्यामुळे असा वर्ग निवडताना काय पाहावे, याचा अंदाज नावाशिवायही येऊ शकेल.

पहिल्या दिवशीचे पहिले सत्र वाया गेले, हे आधीच सांगून टाकते. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही २६ जण बसलो होतो. आयोजक बाईंनी बासरीचे ध्वनिमुद्रण लावले, सर्वांना डोळे मिटायला सांगितले आणि 'मनात जो रंग येईल तो कागदावर सोडा, विचार करू नका' अशी सूचना केली. वीस मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा बहुतेकांच्या कागदावर जांभळट तपकिरी चिखल झालेला होता. पाच-सहा रंग ओल्या कागदावर एकत्र आले की जे व्हायचे ते झाले, त्यात मनाचा काही दोष नव्हता. मला या प्रकाराची चीड आली नाही, पण गंमत वाटली, कारण ज्या हातात काही साठलेलेच नाही त्याला 'आतून येऊ द्या' म्हणणे हे धरणात पाणी नसताना कालव्याचे दरवाजे उघडण्यासारखे आहे. शिकवणारे सर त्या वेळी मागच्या रांगेत शांत उभे होते. सत्र संपल्यावर ते पुढे आले आणि त्या कागदांविषयी एक शब्दही न बोलता त्यांनी आम्हाला पेन्सिली काढायला सांगितले. खरी कार्यशाळा तेथून सुरू झाली.

पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चौकटी आखायच्या आणि समोर ठेवलेल्या एका छायाचित्रातले दृश्य फक्त तीन छटांमध्ये मांडायचे, हे पहिले काम होते. कोरा कागद ही उजळ छटा, मधली करडी, आणि गडद. रेघ मारण्यास बंदी होती, सहा-बी पेन्सिलीचे शिसे आडवे धरून केवळ पट्टे भरायचे आणि प्रत्येक चौकटीला पाच मिनिटे. 'डोळे किलकिले करा' ही सूचना मी यापूर्वी शंभर वेळा ऐकली होती, पण ती का करायची हे पहिल्यांदाच नीट कळले. डोळे बारीक केले की बारकावे पुसले जातात आणि शेजारशेजारच्या दोन गोष्टी एकाच छटेच्या असतील तर त्या एकमेकींत मिसळून एकच आकार दिसू लागतो. झाडाची सावली, तिच्याखालची भिंत आणि भिंतीला टेकवलेली सायकल या तीन वस्तू नसून तो एकच गडद आकार आहे, हे दिसले की त्याला तीन वेगळ्या रेघांनी वेढण्याची गरजच उरत नाही. मोकळ्या चित्रात वस्तू 'हरवलेल्या' दिसतात त्या चित्रकाराने आळस केला म्हणून नव्हे, तर त्याने दोन आकार जोडायचे असे आधी ठरवले म्हणून, हे या चौकटींमुळे माझ्या डोक्यात शिरले. मी दुपारपर्यंत चौदा चौकटी केल्या. माझ्या मते संपूर्ण शुल्कापैकी निम्मे येथेच वसूल झाले.

आमच्यापैकी बऱ्याच जणांची चित्रकलेची मुळे शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत होती, ही गोष्ट या सरावात ठळकपणे दिसली. या शासकीय परीक्षांनी महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांना पेन्सिल धरायला शिकवले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मला स्वतःला आरेखनाच्या नोकरीकडे नेले तेही त्यांनीच. पण वस्तुचित्रातला तांब्या कसा आखीवरेखीव आणि त्यावरची छाया कशी गुळगुळीत असावी, हे तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदा अंगवळणी पडले की पुढे साठीतही हात त्याच वाटेने जातो. माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका प्रत्येक चौकटीत आधी कडा काढत आणि मग आत छटा भरत, आणि सर मागून येऊन दर वेळी फक्त 'बाई, कुंपण नको' एवढेच म्हणत.

दुपारनंतर रंग आले, तेही तीनच: अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. संचात बारा नळ्या होत्या, बाकीच्या नऊ पेटीत ठेवायला लावल्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळले की दोघांच्या प्रमाणानुसार उबदार तपकिरी करड्यापासून थंड निळसर करड्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात आणि पाणी कमी ठेवले तर जवळजवळ काळाही मिळतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसत असल्याने वाळलेल्या रंगाला रवाळ पोत येतो, जो दगडाच्या चित्राला आयताच उपयोगी पडतो. रंग कमी असले की निवड कमी करावी लागते आणि लक्ष छटेवर राहते, एवढे साधे गणित त्यामागे होते.

मग पाण्याचा धडा झाला, आणि तो या तीन दिवसांतला सर्वांत मोलाचा अर्धा तास होता. ओला केलेला कागद वाळताना चार अवस्थांतून जातो. आधी तो आरशासारखा चकाकतो, मग त्याची चमक मंद रेशमी होते, पुढे चमक जाते पण हाताची मागची बाजू लावली तर कागद गार लागतो, आणि शेवटी तो खरोखर कोरडा होतो. पहिल्या अवस्थेत सोडलेला रंग वाटेल तेथे पसरतो, दुसऱ्या अवस्थेत तो मऊ कडा ठेवून जागेवर थांबतो, आणि तिसऱ्या अवस्थेत कागदाला हात लावायचा नसतो, कारण त्या वेळी ओला कुंचला टेकवला तर आतला रंग बाजूला ढकलला जाऊन फुलकोबीसारखे डाग उमटतात. कागदावर जेवढे पाणी आहे त्यापेक्षा कुंचल्यात कमी पाणी असले पाहिजे, हा नियम सरांनी फळ्यावर लिहून ठेवला आणि तीन दिवस पुसू दिला नाही. डिसेंबरच्या कोरड्या हवेत दुसरी अवस्था फार तर दोन-तीन मिनिटे टिकत होती. उत्स्फूर्तता म्हणून जे बाहेरून दिसते, ते खरे पाहता त्या दोन-तीन मिनिटांत काय करायचे याचा निर्णय आधीच झालेला असणे होय. त्या वेळी विचार करीत बसले तर कागद थांबत नाही.

नेमकी येथेच साहित्याच्या संचाविषयीची माझी तक्रार सुरू होते. संचातला कागद ३०० जीएसएमचा आहे असे जाहिरातीत ठळक छापले होते आणि ते खोटे नव्हते. पण जीएसएम हे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन आहे, तो कशाचा बनला आहे हे त्यातून कळत नाही. हा कागद लाकडाच्या लगद्याचा होता. असा कागद पाणी आत धरून ठेवत नाही, ते वरच्या थरातच राहून लवकर उडून जाते, कडा कडक होतात आणि दुसरा थर दिला की खालचा उचलला जातो. सुती कागद ओल टिकवून धरतो, म्हणून ओल्यावर ओला रंग सोडण्याची पद्धत त्याच्यावर जमते. मी सोबत माझा सुती कागद नेला होता. माझ्या कागदावर आकाश सावकाश मावळत गेले आणि शेजारच्या मुख्याध्यापिका बाईंच्या कागदावर त्याच रंगाचे, त्याच वेळी, त्याच सूचनेने घातलेले आकाश पट्ट्यापट्ट्यांचे झाले. त्यांना वाटले आपलाच हात वाईट आहे. सुती कागद महाग असतो हे खरे, पण पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था उभी आहे आणि सुती चिंध्यांपासून कागद करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही, तेव्हा तीन दिवसांसाठी प्रत्येकी दहा चांगले कागद देणे ९०० रुपयांत बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगून शुल्क वाढवावे, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले आहे. साहित्याची यादीही केवळ चार दिवस आधी आली. ज्या वर्गाचा सगळा भर पाण्याच्या वागण्यावर आहे, त्याने कागदातच काटकसर करावी हे मला पटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही मेणवलीला पोचलो. वाईपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्याच्या मागच्या अंगाला चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट आहे. घाटावर देवळे आहेत, आणि एका लहानशा दगडी मंडपात चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, जिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. माझे या नदीशी नोकरीतले नाते होते. वर थोड्याच अंतरावर असलेल्या धोम धरणाच्या कालव्याचे नकाशे मी तरुणपणी कैक महिने ट्रेस केले होते आणि तरीही या घाटावर मी कधी उतरले नव्हते. कागदावरची कृष्णा म्हणजे दोन समांतर रेघा आणि मध्ये प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण, एवढीच माझी तिच्याशी ओळख होती.

पहिल्या चित्राला ४५ मिनिटे दिली होती आणि मी ती सगळी पायऱ्यांवर घालवली. वळत जाणाऱ्या पायऱ्यांचे टप्पे मी मोजले, प्रत्येकीची जाडी दूर जाताना कशी कमी होते ते पेन्सिलीने मापून घेतले, घंटेच्या मंडपाचे खांब उभे केले आणि घंटेवरची आकृतीसुद्धा दोन नंबरच्या कुंचल्याने काढायला घेतली. सर मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, 'ताई, या पायऱ्यांचे बिल कोणाकडे पाठवायचे आहे?' मला हसू आले आणि थोडे लागलेही. मग त्यांनी माझ्या हातातला कुंचला काढून घेतला आणि दीड इंची चपटा कुंचला दिला, जो मी आजवर केवळ पार्श्वभूमीचे पाणी फिरवायला वापरला होता.

पुढच्या सरावाचा नियम असा होता, की ११ गुणिले १५ इंचांच्या कागदावर संपूर्ण घाट फक्त २५ फटकाऱ्यांत बसवायचा. जोडीदाराने शेजारी उभे राहून मोठ्याने मोजायचे, कुंचला कागदावरून उचलला की एक फटकारा संपला. उभे राहून काम करायचे, कुंचला दांड्याच्या शेवटच्या टोकाशी धरायचा, म्हणजे बोटांऐवजी खांदा हलतो. माझे पहिले बारा फटकारे आकाश आणि वाड्याच्या भिंतीतच संपले आणि नदीला उरले तीन. दुसऱ्या खेपेस मी सुरुवात करण्याआधी पाच मिनिटे नुसती उभी राहिले. घाटाच्या सगळ्या पायऱ्या मिळून एक वळलेला उजळ पट्टा आहे आणि त्याच्या खाली पाण्यात पडलेली सावली हा एक गडद पट्टा आहे, म्हणजे दोन फटकारे पुरेत. मंडप आणि घंटा हा एकच गडद आकार आहे, म्हणजे एक फटकारा. पायऱ्या आहेत हे सांगायला त्या उजळ पट्ट्याच्या एका टोकाला कोरड्या कुंचल्याने चार आडव्या खुणा पुरेत, बाकीच्या पाहणाऱ्याचा डोळा स्वतःच मोजून घेतो. बावीस फटकाऱ्यांत चित्र झाले. तीन उरले, ते कशावर खर्च करावेत हे सुचेना म्हणून सोडून दिले.

ते चित्र फार चांगले झाले असे मी म्हणत नाही. आकाश फिके पडले, कारण जलरंग वाळल्यावर ओला असतो त्यापेक्षा एक छटा उतरतो आणि मी तेवढी तजवीज ठेवली नव्हती. पण ते मी काढलेले पहिले चित्र होते ज्याला कोणी फोटोसारखे म्हटले नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, 'ऊन दिसते आहे हो,' आणि मला खरोखर बरे वाटले.

जेवणानंतरचा सराव त्याहून कठीण होता. घाटाकडे दहा मिनिटे नुसते पाहायचे, काहीही टिपून घ्यायचे नाही, आणि मग नदीकडे पाठ करून चित्र काढायचे. शाळेतल्या परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा विषय असे आणि आम्ही त्यात ठरावीक जत्रा, ठरावीक बसथांबा आणि ठरावीक पावसाळी दिवस पाठ करून जात असू. येथे पाठ करायला वेळच नव्हता. पाठ फिरवल्यावर जे आठवते ते दृश्याचे सामान नसते, त्याचा सांगाडा असतो, आणि जे आठवत नाही ते बहुधा चित्रालाही नको असते. माझ्या आठवणीतून घंटा पूर्णपणे गळून गेली होती आणि त्याऐवजी पाण्यात वाकून कळशी भरणारी एक बाई आली होती, जिच्याकडे मी मुद्दाम पाहिले आहे असे मला वाटतही नव्हते. जाहिरातीतले 'मनातून थेट कागदावर' हे वाक्य खरे करणारा प्रसंग तीन दिवसांत हा एकच, आणि तो आदल्या दिवशीच्या बासरीने नव्हे तर दहा मिनिटांच्या मुकाट पाहण्याने घडला.

व्यवस्थेबद्दल थोडे. सरांचे प्रात्यक्षिक सुरेख होते, पण ते ७० मिनिटे चालले आणि २६ जणांनी एका फळीभोवती कोंडाळे केल्यावर मागच्यांना सरांची टोपी आणि पुढच्यांचे मोबाइल एवढेच दिसत होते. एवढ्या संख्येला एक सहायक तरी हवा होता. प्रत्येकाच्या वाट्याला सरांची दिवसाकाठी सात-आठ मिनिटे आली. घाटावर बायकांसाठी स्वच्छतागृहाची काही सोय केलेली नव्हती. शेवटी गावातल्या एका घरी विनंती करावी लागली, त्या घरच्या आजींनी चहाही दिला, पण हे आयोजकांनी आधी पाहायला हवे होते. साठीच्या पुढच्या माणसांसाठी घडीच्या खुर्च्या आणाव्यात असे यादीत लिहिले असते, तर दगडावर बसून पाठ आखडली नसती. जेवण मात्र उत्तम होते: ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, आणि संध्याकाळी पाचगणीच्या बाजूची स्ट्रॉबेरी.

तिसऱ्या दिवशी वाईतच गणपती आळीच्या घाटावर काम होते. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ तेथे अगदी नदीच्या पात्रालगत आहे आणि पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने टोक काढतात, तोच विचार. इतर सगळे जण देवळाच्या दर्शनी बाजूला बसले आणि मी खात्याच्या ओढीने त्या भिंतीकडे गेले. भिंतीची ती धार उन्हात इतकी उजळ होती आणि तिच्या मागचे आकाशही इतके उजळ होते, की डोळे बारीक केल्यावर ती धार नाहीशीच होत होती. आदल्या दिवसापर्यंत मी तेथे रेघ मारली असती. त्या दिवशी मी भिंत आणि आकाश यांच्या मधला कागद कोराच सोडला, आणि फक्त सावलीच्या अंगाला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा एक रवाळ पट्टा वरून खाली ओढला. सरांनी पाहिले, काहीच बोलले नाहीत, पुढे गेले आणि दहा पावलांवरून पुन्हा वळून पाहिले. त्यांच्या सात-आठ मिनिटांपेक्षा ते वळून पाहणे मला अधिक उपयोगी पडले.

शेवटच्या सत्रात सर्वांची चित्रे भिंतीशी ओळीने लावली, आणि माझा सर्वांत गंभीर आक्षेप तेथे तयार झाला. २६ चित्रांपैकी निदान अठरांत डाव्या कोपऱ्यात तीन कावळे होते. तेवढ्याच चित्रांत पाण्याच्या काठी पाठमोरे चालणारे दोन ठिपके होते, त्यातला एक लाल. जवळपास प्रत्येक चित्रावर कुंचला झटकून उडवलेले शिंतोडे होते. हे सगळे सरांच्या प्रात्यक्षिकातून आले होते. त्यांच्या चित्रातला लाल ठिपका मात्र सर्वांत गडद जागेच्या शेजारी, नजर जेथे खिळावी तेथे नेमका ठेवलेला होता, आणि आमच्या चित्रांत तो जेथे जागा मिळाली तेथे बसला होता. बारीक रेघांची गुलामी सोडायला आलेली माणसे तीन दिवसांत शिंतोड्यांच्या गुलामीत गेली, असे माझे स्पष्ट मत झाले. मोकळ्या शैलीच्याही लकबी असतात आणि त्या उचलणे हे पायऱ्या मोजण्यापेक्षा सोपे असते. सरांना हे दिसत नव्हते असे नाही. त्यांनी एकदा 'कावळे फार झाले' असे हसत म्हटले. पण तेवढ्यावर न सोडता त्यांनी त्याच वेळी सर्वांना तो ठिपका झाकून चित्र पाहायला लावले असते, तर एक मोठा धडा झाला असता. त्याऐवजी सामूहिक छायाचित्र काढण्याची घाई झाली आणि प्रत्येक चित्रावरची चर्चा दोन-दोन वाक्यांत उरकली. पुढील सहा महिने दर महिन्याला व्हॉट्सॲप गटावर चित्रांची तपासणी होईल असे सांगितले होते. ती जानेवारीत एकदा झाली आणि नंतर त्या गटावर पुढच्या कार्यशाळांच्या जाहिराती येतात.

तर जावे की नाही? ज्यांनी जलरंगाला अजून हात लावलेला नाही, त्यांनी जाऊ नये; सपाट आणि उतरत्या छटेचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, घालता येत नसेल तर या वर्गातला पाण्याचा धडा डोक्यावरून जाईल आणि हाती फक्त कावळे लागतील. जे अनेक वर्षे छायाचित्रे समोर ठेवून नेटके काम करीत आहेत आणि त्याला कंटाळले आहेत, त्यांच्यासाठी छटांच्या चौकटी, फटकाऱ्यांची मोजणी आणि पाठ फिरवून काढलेले चित्र या तीन गोष्टी पैसे मोजण्याच्या लायकीच्या आहेत. नाव नोंदवण्यापूर्वी संख्या किती आहे, सहायक आहे का आणि कागद सुती आहे की नाही, हे फोनवर स्पष्ट विचारावे. संच घेण्याची सक्ती नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

घरी आल्यावर मी आठवड्यातून दोनदा २५ फटकाऱ्यांचा सराव करते. मोजायला जोडीदार नाही, म्हणून नातीला बसवते. ती एकोणीसच्या पुढे अंक गाळते आणि मला दोन-तीन फटकारे जास्तीचे मिळतात. ऑगस्टमध्ये याच सरांचा पावसाळी वर्ग वाईलाच आहे. त्या हवेत कागदाची ती दुसरी अवस्था दोन-तीन मिनिटांऐवजी दहा-पंधरा मिनिटेही टिकेल, तेव्हा काय करायचे हे मला पाहायचे आहे. मी नाव दिले आहे, संच नको असे कळवले आहे, आणि घडीची खुर्ची विकत घेतली आहे.